स्लायडर तिथपर्यंत जात नाही

मागे बसलेल्यांना पडदा दिसतोय ना? आकडे थोडे बारीक आहेत, पण मी वाचून दाखवेन.

आजचा विषय गणिती सॉफ्टवेअरमधली फंक्शन्स आणि त्यांच्यावर आपण जी बटणं, स्लायडर, खिडक्या बसवतो ती साधनं. ऐकायला रुक्ष वाटेल. पण मी सुरुवात करते ती आमच्या विभागातल्या एका प्रोजेक्टच्या रिव्ह्यूपासून.

तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. विषय घेतला होता ‘तलावातील माशांची संख्या’. त्यानं पडदा इतका नेटका केला होता, की आम्ही दोघं शिक्षक बघतच राहिलो. डावीकडे स्लायडर, त्यावर लिहिलेलं ‘वाढीचा दर’. उजवीकडे निळा ग्राफ. स्लायडर सरकवला की ग्राफ लगेच हलायचा, आणि काही वर्षांनंतर माशांची संख्या एका पातळीवर येऊन छान स्थिरावायची. दर वाढवला की पातळी वर. दर कमी केला की खाली. मी विचारलं, "दर साडेतीन केला तर काय होईल रे?" तो म्हणाला, "मॅडम, स्लायडर तिथपर्यंत जात नाही." म्हटलं, का? तर म्हणाला, "तीनच्या पुढे ग्राफ बिघडतो, म्हणून तीनलाच थांबवला."

(हशा)

हसू नका. त्या पोरानं जे केलं ते आपण सगळेच करतो. आणि त्या समीकरणात बघण्यासारखं जे काही आहे, ते जवळजवळ सगळं तीनच्या पुढेच आहे. त्याची ओळख आधी करून घेऊ.

तलावात जास्तीत जास्त जेवढे मासे मावतील त्याला १ म्हणू. यंदा तलाव किती भरलाय, तो अपूर्णांक म्हणजे क्ष. क्ष ०.१ असेल तर दहा टक्के. पुढच्या वर्षीचा क्ष काढायचा तर वाढीचा दर गुणिले क्ष गुणिले (१ वजा क्ष). मासे जितके जास्त तितकी पिल्लं जास्त, म्हणून क्ष. पण गर्दी झाली की खाणं आणि जागा कमी पडते, म्हणून (१ वजा क्ष). बस, एवढंच. आता कुणी म्हणेल, आमच्या गावच्या तलावात तर दरवर्षी मत्स्यबीज विकत आणून सोडतात, तिथे हे कसं लागू होणार? बरोबर आहे, तिथे हे जसंच्या तसं लागू होत नाही. हे खेळण्यातलं समीकरण आहे. पण खेळणं साधं असलं तरी त्यातून बाहेर येतं ते साधं नाही.

हे समीकरण मी सायलॅबमध्ये लिहिते. सायलॅब हे मूळचं फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेतून आलेलं मोफत सॉफ्टवेअर. मॅटलॅब असेल तर तेही चालेल, ऑक्टेव्हही चालेल. (ऑक्टेव्ह हे नाव ऐकून संगीतातलं सप्तक आठवत असेल, पण त्याचा संगीताशी संबंध नाही. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील नावाचे केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, ते पाकिटाच्या पाठीवर झटपट अंदाज काढण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचं नाव दिलंय.) वर ‘फंक्शन’ हा शब्द, खाली ‘एंडफंक्शन’, आणि मध्ये आपली एक ओळ. दोन गोष्टी आत जातात, दर आणि क्ष. एक गोष्ट बाहेर येते, पुढच्या वर्षीचा क्ष. अकरावीच्या पुस्तकात याला आपण ‘फल’ म्हणायचो. आत काहीतरी घाला, बाहेर फळ येतं. मला तो शब्द अजून आवडतो, पण सॉफ्टवेअरच्या खोलीत कुणी तो वापरत नाही.

दर २.८ ठेवू आणि ०.१ पासून सुरुवात करू. येतंय बघा: ०.२५२, मग ०.५२८, मग ०.६९८, मग ०.५९०, मग ०.६७७. वरखाली करत करत ते ०.६४३ वर बसतं आणि तिथून हलत नाही. त्या मुलाचा निळा ग्राफ तो हाच. आता दर ३.२. थोडा वेळ चालू देते. बघा, ०.५१३, मग ०.७९९, मग पुन्हा ०.५१३, पुन्हा ०.७९९. एक वर्ष मुबलक, एक वर्ष टंचाई. हे असंच कायम चालणार. दर ३.५ केला की चार आकड्यांचं चक्र: ०.३८३, ०.८२७, ०.५०१, ०.८७५, आणि परत पहिला. ३.६ ला काही ताळमेळच लागत नाही. आकडे उड्या मारतात, पण तेच ते परत येत नाहीत.

म्हणजे ग्राफ ‘बिघडत’ नव्हता. दर तीनच्या पुढे गेला की मासे एका पातळीवर राहत नाहीत, हेच तो सांगत होता. आणि ज्याच्या हातात तो पडदा जाईल, समजा एखाद्या मच्छीमार संस्थेच्या माणसाच्या, त्याला वाटणार की दर कितीही वाढला तरी मासे शेवटी स्थिरच होतात. त्याला कुणी खोटं सांगितलेलं नाही. फक्त विचारायची सोय ठेवलेली नाही.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण फंक्शन लिहिता येणं ही आपण गृहीत धरतो तशी जुनी गोष्ट नाही. मॅटलॅब पहिल्यांदा लिहिली ती क्लीव्ह मोलर यांनी, १९७० च्या दशकाच्या शेवटी. ते न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत होते, आणि विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या कटकटीशिवाय मॅट्रिक्सचे हिशेब करता यावेत एवढाच त्यांचा हेतू होता. त्या मूळ मॅटलॅबमध्ये शंभरापेक्षाही कमी शब्द आणि तयार फंक्शन्स होती, आणि वापरणाऱ्याला स्वतःचं नवं फंक्शन लिहायची सोयच नव्हती! हवंच असेल तर मूळ कोड मिळवायचा, फोरट्रानमध्ये सबरुटीन लिहायची आणि सगळं पुन्हा कंपाइल करायचं. पुढे जॅक लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी ते सी भाषेत नव्यानं लिहिलं. १९८४ मध्ये कंपनी निघाली, आणि साध्या फाइलीत आपलं फंक्शन लिहून ठेवायची सोय आली. माझ्या मते त्या सॉफ्टवेअरचं नशीब फिरलं ते इथे. तोवर वापरणारा माणूस मोलर यांनी ठरवलेले प्रश्नच विचारू शकत होता.

स्लायडरची गोष्ट नंतरची. खिडक्या आणि बटणं या सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू येत होतीच, पण २००७ मध्ये मॅथेमॅटिकाच्या सहाव्या आवृत्तीत ‘मॅनिप्युलेट’ नावाची आज्ञा आली आणि काम एका ओळीवर आलं. फंक्शन द्या, कुठला आकडा कुठून कुठपर्यंत फिरवायचा ते सांगा, स्लायडर तयार. शाळांमध्ये जिओजेब्रा वापरतात, तिथेही तेच, आणि ते मोफत. मला ही साधनं मनापासून आवडतात. वर्गात पॅराबोला हलताना दिसला की शेवटच्या बाकावरचाही मान वर करतो. माझी तक्रार साधनाबद्दल नाहीच.

स्लायडर बनवताना तुम्ही तीन निर्णय घेता: किमान किती, कमाल किती, आणि एका वेळी किती सरकायचं. बहुतेक वेळा आपण हे निर्णय घेतच नाही, सॉफ्टवेअर घेतं. जिओजेब्रा क्लासिकमध्ये स्लायडर ओढून ठेवलात की तो आपोआप वजा ५ ते ५ असतो आणि ०.१ नं सरकतो. आता आपलं समीकरण घ्या आणि ०.१ च्या पावलानं चला. ३.५ ला चार आकड्यांचं चक्र, ३.६ ला गोंधळ. मधे काय झालं? मधे अख्खा जिना आहे. चाराचे आठ होतात ३.५४४ जवळ, आठाचे सोळा ३.५६४ जवळ, सोळाचे बत्तीस ३.५६९ च्या किंचित आधी, आणि असं करत ३.५७ च्या आत सगळं संपून जातं. तुमचा स्लायडर तो जिना एका उडीत ओलांडतो.

पुढेही तेच. ३.८ ला गोंधळ, ३.९ ला गोंधळ. कुणीही म्हणेल, मधेही गोंधळच असणार. पण ३.८३ टाइप करून बघा. हे बघा, आत्ता टाकते... थोडं चालू दे... ०.१५६, ०.५०५, ०.९५७. ०.१५६, ०.५०५, ०.९५७. तीन आकड्यांचं स्वच्छ चक्र! गोंधळाच्या मधोमध एक शांत खिडकी. ती उघडते ३.८२८ च्या पुढे, आणि ३.८६ च्या आत पुन्हा गोंधळ सुरू झालेला असतो. स्लायडर ०.१ नं सरकणार असेल तर वर्षभर सरकवत बसलात तरी ती सापडणार नाही.

चॅटमध्ये प्रश्न आलाय: "मग पाऊल ०.००१ ठेवलं की झालं ना?" काही अंशी झालं. पण मग पडद्यावरच्या चार-पाचशे पिक्सेलच्या पट्टीवर तुमचा हात नेमक्या आकड्यावर थांबणार कसा? आणि ०.००१ पेक्षाही अरुंद खिडक्या तिथे आहेत, अगणित आहेत. पाऊल कितीही बारीक करा, काहीतरी सुटणारच. म्हणून माझा आग्रह असा, की स्लायडरच्या शेजारी एक साधी चौकट ठेवा, ज्यात आकडा टाइप करता येईल. हे एवढंसं काम आहे. मी दहा प्रोजेक्ट बघितले तर आठांत ते नसतं.

या समीकरणाची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७६ मध्ये रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये याच्यावर लेख लिहिला. प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्यांनी अशी समीकरणं गांभीर्यानं घ्यावीत असं त्यांचं म्हणणं होतंच, पण हे समीकरण विद्यार्थ्यांच्या हाती लवकर द्यावं, अगदी खिशातल्या कॅल्क्युलेटरवर करून बघू द्यावं, असंही त्यांनी सुचवलं होतं. आणि त्याच्या वर्षभर आधी, १९७५ मध्ये, लॉस अलामोसमध्ये मिचेल फायगेनबॉम नेमकं तेच करत होते. त्यांच्याकडे होता एचपी-६५, हातात मावणारा प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर. तो संथ होता. शिवाय चक्र दुप्पट होतं त्या जागेच्या जवळ गेलं की आकडे स्थिरावायला फार वेळ लावतात. मग वेळ वाचवण्यासाठी ते पुढची जागा कुठे असेल याचा आधीच अंदाज बांधायला लागले, आणि अंदाज बांधता बांधता त्यांच्या लक्षात आलं की अंदाजाला एक नियम आहे.

आपणही करून बघू. दुप्पट होण्याच्या जागा अशा: ३, मग ३.४४९४९, मग ३.५४४०९, मग ३.५६४४१, मग ३.५६८७६. यांच्यामधली अंतरं काढा: ०.४४९४९, ०.०९४६०, ०.०२०३२, ०.००४३५. प्रत्येक अंतराला पुढच्यानं भागा. पहिला भागाकार ४.७५, दुसरा ४.६६, तिसरा ४.६७. तो ४.६६९ च्या आसपास स्थिरावत जातो. आणि गंमत अशी, की समीकरण बदललं, मासे सोडून दुसरंच काहीतरी घेतलं, तरी चक्र असं दुपटीनं वाढत असेल तर अशा कितीतरी समीकरणांत तोच आकडा येतो. आज त्याला फायगेनबॉम स्थिरांक म्हणतात.

आता मी असं म्हणणार नाही की कॅल्क्युलेटर संथ होता म्हणूनच शोध लागला. फायगेनबॉम हे फायगेनबॉम होते. पण त्यांच्या हातात फंक्शन होतं, ग्राफ नव्हता, आणि ते त्या फंक्शनला हवा तो आकडा विचारू शकत होते. आमच्या त्या मुलाकडे त्या कॅल्क्युलेटरपेक्षा कित्येक पटींनी वेगवान लॅपटॉप होता, आणि तो तीनच्या पुढे विचारू शकत नव्हता.

का शकत नव्हता? हे जरा तांत्रिक आहे, पण इथेच खरी मेख आहे. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, स्लायडर राहू दे, कमांडच्या जागी फंक्शनला साडेतीन देऊन बघ. तो गप्प. मग कोड उघडला. स्लायडर सरकला की सॉफ्टवेअर एक विशिष्ट फंक्शन आपणहून बोलावतं, त्याला कॉलबॅक म्हणतात. प्रत्येक बटणामागे, प्रत्येक स्लायडरमागे असं एक फंक्शन बसलेलं असतं. त्याचं काम निरोप्याचं: स्लायडरवरचा आकडा वाचायचा, खऱ्या फंक्शनला द्यायचा, उत्तर आलं की ग्राफ पुन्हा काढायचा. या मुलानं माशांचं समीकरणच कॉलबॅकच्या पोटात लिहिलं होतं. वर रेघेचा रंग निळा करायची ओळ, खाली अक्षरांचा आकार ठरवायची ओळ, आणि मधे दबलेलं आपलं समीकरण. त्यामुळे स्लायडरला हात लावल्याशिवाय त्याला कुणी काही विचारूच शकत नव्हतं. त्याचा तक्ता काढता येत नव्हता, हातानं केलेल्या हिशेबाशी पडताळा घेता येत नव्हता. निरोप्यालाच मालक करून ठेवलं होतं.

तेव्हा समीकरण वेगळ्या फाइलीत, वेगळ्या फंक्शनमध्ये. कॉलबॅकमध्ये फक्त निरोप. आधी फंक्शन कमांडवर चालवून चार-पाच आकडे कागदावर पडताळायचे, मग त्याच्यावर पडदा चढवायचा. हे उलट्या क्रमानं करणारे फार असतात, कारण पडदा बनवायला मजा येते. मलाही येते.

आणि फंक्शन हाती असलं म्हणजे सगळं खरंच, असंही नाही बरं का. एक छोटा प्रयोग घरी करा. दर ४ ठेवा. एका फंक्शनमध्ये लिहा ४ गुणिले क्ष गुणिले (१ वजा क्ष). दुसऱ्यात कंस सोडवून लिहा, ४क्ष वजा ४क्ष वर्ग. बीजगणितात दोन्ही एकच. दोन्हींना ०.३ पासून सुरू करा आणि आकडे शेजारी शेजारी छापा. आधी जुळतात, अगदी शेवटच्या घरापर्यंत. मग शेवटचं घर हलतं, मग त्याच्या आधीचं, आणि साठाव्या पावलापर्यंत दोन रकाने एकमेकांना ओळखतही नाहीत. संगणक दशांशाची साधारण १५-१६ घरं ठेवतो, बाकीचं टाकून देतो, आणि इथे ती टाकलेली चिमूट दर पावलाला सरासरी दुप्पट होत जाते. साठाव्या वर्षी तलावात नेमके किती मासे, हे त्या पडद्यावर तीन दशांशांपर्यंत छापून येईल. त्यातला एकही आकडा धरून चालू नका.

ज्यांना सायलॅब पहिल्यापासून शिकायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ आहेत, मराठीतूनही आहेत. फंक्शन कसं लिहायचं तिथपर्यंत आधी या. बटणं नंतर शिका.

तो मुलगा आठवड्यानं परत आला. समीकरण वेगळ्या फाइलीत होतं. स्लायडर आता ४ पर्यंत जात होता, शेजारी आकडा टाइप करायची चौकट होती. ३ च्या पुढे गेलं की ग्राफच्या वर लाल अक्षरांत ओळ यायची: ‘इथून पुढे मासे दरवर्षी सारखे राहत नाहीत.’ मी विचारलं, "आता ४ लाच का थांबवलास? पुन्हा ग्राफ बिघडतो म्हणून?" तो म्हणाला, "नाही मॅडम. ४ च्या पुढे क्ष कधीतरी १ च्या वर जातो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मासे वजा येतात."

मी वहीवर सही केली.

(टाळ्या)